चौदाव्या खाटेची बाटली

१

चौदाव्या खाटेची सलाईनची बाटली दिवेलागणीपर्यंत पुरायची होती. ती दुपारच्या जेवणाआधीच रिकामी झाली आणि तिच्याखाली झोपलेल्या जोतीराम शिंगाडे यांच्या हृदयाचे ठोके भलतेच पडू लागले.

जोतीराम शेळगावचे. बरेच दिवस उलट्या होऊन अंगातलं पोटॅशियम उतरलं, म्हणून ते त्यांना सलाईनमधून द्यायचं ठरलं होतं. हे औषध थेंबाथेंबाने गेलं तर हृदय सांभाळतं आणि भराभर गेलं तर तेच हृदय थांबवतं. डॉ. विराज त्या वेळी जिन्यातच होते, म्हणून जोतीराम वाचले. रुग्णवाहिका त्यांना घेऊन बारामतीच्या अतिदक्षता विभागाकडे निघाली आणि इकडे इंदापुरात, रुग्णालयाच्या फाटकापासून पलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत, एकच वाक्य फिरू लागलं : मखरे सिस्टरनी धार मोठी सोडली.

नीराकाठ रुग्णालय शेतकऱ्यांनी भागभांडवल घालून उभं केलेलं. व्यवस्थापक दिग्विजय रणवरे यांनी लगेच दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळसाठी संचालकांची बैठक लावली. ठराव तयारच होता : स्वरूपा मखरेला कामावरून काढायचं, पोलिसांत तक्रार द्यायची आणि परिचारिका म्हणून असलेली तिची नोंदणी रद्द करा असं वर कळवायचं. म्हणजे तिला पुन्हा कुठल्याच रुग्णालयाची पायरी चढता येऊ नये.

अध्यक्ष दादासाहेबांना ही घाई पटली नाही. त्यांनी बारामतीला फोन लावला.

"मेट्रनबाई, बाहेरचं माणूस पायजे चौकशीला. तुमी या."

"स्वरूपा माझी विद्यार्थिनी आहे, दादासाहेब. आधीच सांगून ठेवते."

"म्हणून तर तुमाला बोलावतोय. चूक तिची निघाली, तर आमच्याआधी तुमीच तिला फाडून खाल."

दगडाबाई कुतवळ फोन ठेवून हसल्या. त्यांच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा हे तरी टिकावं म्हणून सुप्याच्या आजीने त्यांचं नाव दगडा ठेवलं होतं. त्या टिकल्या, शिकल्या, सरकारी रुग्णालयात मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. आता बारामतीत नर्सिंगच्या मुलींना शिकवत. मुली पाठीमागे त्यांना पाटा म्हणत; बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

पर्स उचलून त्यांनी त्याच दुपारी इंदापूरची गाडी पकडली.

२

जनरल वॉर्ड पहिल्या मजल्यावर होता. खाटा सगळ्या भरलेल्या, खाटांच्या मधल्या सतरंज्यांवर नातेवाईक, आणि पांढऱ्या कपड्यातलं माणूस औषधालाही नाही.

"सरळ प्रकरण आहे, मॅडम," रणवरे म्हणाले. "डबल ड्युटीनं थकले होते म्हणते. थकवा काय आम्हाला येत नाही?"

"या वॉर्डला चार सिस्टरच्या जागा आहेत ना?"

"आहेत की. जाहिरात देतो. कुणी येतच नाही."

"येत नाहीत की टिकत नाहीत?"

रणवऱ्यांनी खिशाचं पेन काढलं, पाहिलं आणि परत खिशाला लावलं.

डॉ. विराज तरुण होते आणि आदल्या रात्रीपासून झोपलेले दिसत नव्हते. "नळीवरचं चाक मीच बंद केलं," ते म्हणाले. प्रत्येक सलाईनच्या नळीवर एक छोटं चाक असतं. ते फिरवून थेंब कमीजास्त करतात.

"किती उघडं होतं?"

"पूर्ण नव्हतं. मध्यावर होतं. जणू कुणी बघून बघून बसवलंय."

बाईंनी मान वर केली. घाईत धक्का लागला तर चाक कसंही सरकतं. कुणाच्या मनात वाईट असेल तर तो ते पूर्ण उघडतो. बघून बघून मध्यावर कोण ठेवील?

वॉर्डच्या मावशी साखरबाई फरशी पुसत होत्या. बाई समोरच्या स्टुलावर बसल्या, तसा साखरबाईंनी पोछा बादलीत सोडून दिला.

"सकाळी वार्ड शांत हुता बघा. चिंतामण तात्या हायेत न्हवं! अंथुर्ण्याचं. त्यांची अनसूयाबाई बाराव्या खाटंवर. कुनाला पानी पाज, कुनाला कुशीवर वळव, कुनाला भांडं दे. सिस्टर एकली, मी एकली. तिसरं मानूस म्हंजी तात्याच."

"आणि चौदाव्या खाटेपाशी कोण होतं?"

साखरबाईंनी आजूबाजूला पाहिलं. "राजवर्धन. जोतीरामाचा पुतन्या. बाटलीपाशी हुबा राहून नुसता हातवारे करत हुता, तावातावानं. मी भांडी घेऊन चालले हुते, माझ्या डोळ्यानं बघितलं." मग आवाज अगदी खाली आणून : "जोतीरामाला लेकरूबाळ न्हाय, बाई. रान सगळं पुतन्यालाच जायाचं."

आणि त्याच राजवर्धनने सिस्टरविरुद्ध सगळ्यात आधी तक्रार केली होती.

३

स्वरूपा औषधांच्या खोलीत बसली होती. ट्रॉलीवर तिचा जेवणाचा डबा होता, सकाळचा, न उघडलेला.

"मॅडम, चौदाची मी अगदी हळू ठेवली होती. पोटॅशियम होतं त्यात. मी विसरेन का?"

"थकलेला माणूस विसरतो. पहिल्यापासून सांग."

सकाळी वॉर्डात ती एकटीच होती. एकामागून एक सगळ्यांच्या नव्या बाटल्या तिनेच एका फेरीत लावल्या. शेवटची लावते न लावते तोच बाळंतिणींच्या खोलीतून हाक आली. तिथली सिस्टर महिन्याभरापूर्वी सोडून गेली, तिच्या जागी कुणी नाही, म्हणून स्वरूपालाच धावायचं असतं. बाळ अडलं होतं. ते सुखरूप बाहेर येईपर्यंत तिला हलता आलं नाही.

"परत आले तर चारी बाजूंनी एकच ओरडा! सिस्टर, बाटली संपली! बारा, तेरा, चौदा, सोळा, सगळ्या बाटल्या एकदम. मला कळेना कुणाकडे आधी जाऊ. अनसूयाकाकींना धाप लागली होती म्हणून बाराकडे धावले. तेवढ्यात विराज सर चौदाला ओरडले." तिने डोळे पुसले. "रणवरे साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, कारणं देऊ नका."

बाईंनी ट्रॉलीवर बोटाने टकटक केलं. "तेराव्या खाटेवर कोण?"

"जुलाबाने कोरडा पडलेला मुलगा. निमगावचा."

"त्याला धार मोठी लावली असशील."

"हो. त्याला पाणीच हवं होतं. त्याची बाटली तर मी बाळंतपणात असतानाच संपायला..."

स्वरूपा बोलता बोलता थांबली.

"पण ती तेव्हा संपली नाही," बाई म्हणाल्या. "चौदाच्या बरोबरीने संपली. बाराला हृदय अशक्त म्हणून सगळ्यांत हळू. तीही बरोबरच संपली."

"म्हणजे तेराची कुणीतरी कमी केली?"

"आणि बारा-चौदाची वाढवली. दमलेल्या हाताची चूक वेडीवाकडी असते गं. एक बाटली चुकते, दुसरी बरोबर राहते. ही चूक सरळ आहे. पट्टी ठेवून आखल्यासारखी."

"पण कुणी जीव घ्यायला आलं असेल तर?"

"जोतीरामचा जीव घ्यायला आलेला माणूस शेजारच्या पोराची धार कशाला कमी करत बसेल?"

खाली कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारत होतं.

"आधी डबा खा," बाई म्हणाल्या.

"सकाळचा आहे, मॅडम. आंबला असेल."

"मग माझा खा. आणि एक लक्षात ठेव. तुझ्या वॉर्डात कुणीतरी असं आहे, ज्याला कुणाला मारायचं नव्हतं आणि कुणाला बरंही करायचं नव्हतं. त्याला फक्त सगळं सारखं हवं होतं."

असं माणूस कोण, ते मात्र बाईंनाही कळत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीच्या अतिदक्षता विभागाबाहेर राजवर्धन शिंगाडे बाकावर बसला होता. अंगाने पैलवान, डोळे लाल.

"काका शुद्धीवर हायेत. डाक्टर म्हणत्यात धोका टळला," तो म्हणाला. "पर ज्यानं हे केलं त्याचे हातपाय जाग्यावर ठेवत न्हाय मी."

"तुम्ही काल बाटलीपाशी हातवारे करत होतात म्हणे."

"कोण म्हनलं? साखरबाय? करनारच की! बाटली लावल्याधरनं आमच्या काकांला थेंब... थेंब... आन शेजारच्या पोराला धो धो. भाग आमचा बी हाय त्या दवाखान्यात! सिस्टरला हाका मारून घसा बसला. ती तिकडं बाळंतपणात. बघनारं कुनी न्हाय, सांगनारं कुनी न्हाय. मानसानं करायचं काय?"

"मग?"

"मग खाली च्याला गेलो. आलो तर नीट चाललं हुतं."

"नीट म्हणजे?"

"म्हंजी सारखं. सगळ्यांच्या बरोबरीनं."

बाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला. बाटली लावल्यापासून थेंब थेंब, म्हणजे स्वरूपाने धार हळूच ठेवली होती. तिच्या बाजूने याहून मोठी साक्ष मिळाली नसती आणि ती देत होता तिच्याविरुद्ध तक्रार करणारा माणूस.

"तुम्ही चाकाला हात लावलात?"

"न्हाय! आईची आन."

"हातवारे कुणाकडे बघून करत होतात?"

राजवर्धनने तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतून हाक आली आणि तो काकांकडे पळाला. बाईंना थांबायला वेळ नव्हता. संध्याकाळची बैठक डोक्यावर होती आणि हातात अजून नाव नव्हतं.

गाडी भवानीनगर सोडून सणसरकडे निघाली. दोन्ही बाजूंना ऊस. खिडकीतून बाई नुसत्या बघत होत्या. एका रानात लागण नुकतीच झालेली, ऊस गुडघ्याएवढाही नव्हता आणि सरींवरून ठिबकच्या काळ्या नळ्या गेल्या होत्या. एक माणूस नळीच्या कडेने वाकून चालला होता. थांबायचा, बोटाने काहीतरी दाबायचा, पुढं सरकायचा, परत मागं वळून बघायचा. सुप्याकडच्या कोरडवाहू रानात वाढलेल्या बाईंनी हे काम जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"काय बघतोय हो तो?" त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं.

"थेंब बघतोय. एका उसाला जास्त आन एकाला कमी पडलं तर रान वर-खाली हुतंय. आमचं मालक तर दुसऱ्याच्या रानात बी वाकत्यात. सारखं न्हाय दिसलं की हात गप बसत न्हाय त्यांचा."

दगडाबाई जागेवरून उठून उभ्या राहिल्या.

"आवो, इंदापूर लांब हाय अजून!" कंडक्टर ओरडला.

५

वॉर्डाला लागून मलमपट्टीची खोली होती. बाईंनी तिथे तीन बाटल्यांत साधं पाणी भरलं, तीन दांड्यांवर टांगलं आणि नळ्या बादलीत सोडल्या. एकीची धार मोठी, एकीची मधली, एकीचा थेंब अगदी रेंगाळत. मग वॉर्डात प्रत्येक खाटेशी वाकणाऱ्या त्या एकाच माणसाला दारातून हाक मारली.

"तात्या, जरा टेबल सरकवायला येता?"

चिंतामण तात्या लगेच आले. सडपातळ, पांढरी टोपी, धोतर आणि मनगटावर रबराचा एक छल्ला अडकवलेला. नळीचं तोंड बांधायला शेतकरी ठेवतात तसा.

"कसं वाटतंय काकींना?"

"धाप कमी हाय आज. मखरे सिस्टरचा हात गुणाचा. उगं तिला तरास देत्यात लोकं."

टेबल सरकलं. बाई हात धुवायला बेसिनकडे वळल्या आणि मुद्दामच पाठ करून उभ्या राहिल्या. नळ वाहत होता. थोड्या वेळाने त्यांनी तो बंद केला.

टप. टप. टप.

तिन्ही बाटल्यांतून एका तालात.

त्या वळल्या. तात्या तिसऱ्या चाकावरून बोट उचलत होते, डोळे बारीक करून, मान तिरकी करून.

"काय केलंत, तात्या?"

"कुठं काय? वर-खाली पडत हुतं. सारखं केलं."

"कालही केलंत? वॉर्डात?"

"व्हय की. लोकं कुरकुर करत हुती, ह्याला जास्त, त्याला कमी. त्यो राजवर्धन तर लईच तापला हुता. सिस्टर एकली कुठं कुठं बघंल? मी म्हनलं, पंधरा वरसं ठिबक सांभाळतोय, एवढं तर येतंय आपल्याला. एकाला धो धो, एकाला थेंब, ह्यो न्याव न्हाय..."

बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज हळूहळू बसत गेला.

बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि जेवढं साधं सांगता येईल तेवढं साधं सांगितलं. रानात सगळा ऊस एकाच वयाचा, एकाच वाणाचा. त्याला सारखंच पाणी लागतं. इथं प्रत्येक खाटेवर वेगळं पीक आहे. तेराला भरपूर हवं होतं. चौदाच्या बाटलीत असं औषध होतं, जे हळूच जायला हवं.

"आणि बाराव्या खाटेवरच्या अनसूयाकाकींचं हृदय थकलंय. त्यांना सगळ्यांत हळू."

तात्या आपल्या उजव्या हाताची बोटं बघत राहिले.

"म्हंजी तिला धाप... माझ्या हातानं?"

"तुमच्या हाताने. पण तुमच्यामुळे नाही, तात्या. ते वेगळं आहे."

"आन जोतीराम?"

"वाचले आहेत. आज बोलतायत."

तात्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"आज बैठक आहे," बाई म्हणाल्या. "स्वरूपाने चूक केली नाही, एवढं मी सिद्ध करू शकते. पण मग कुणी केली, असं विचारतील. मला खोटं बोलता येणार नाही. तुमचं नाव मी सांगावं की तुम्ही स्वतः यावं, ते तुम्हीच ठरवा."

तात्या उठले. दारात क्षणभर थांबून त्यांनी बाराव्या खाटेकडे पाहिलं आणि जिना उतरून गेले. बाई खिडकीशी गेल्या. पांढरी टोपी फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि बारामतीकडे निघालेल्या जीपमध्ये चढली.

बारामतीत राजवर्धन होता. हातपाय जाग्यावर ठेवणार नाही म्हणणारा.

६

बैठकीत पंखे फिरत होते आणि कुणी चहाला हात लावत नव्हतं. स्वरूपा भिंतीशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, तेव्हा दगडाबाईंनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः उभं राहून बोलल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. बाटल्या एका फेरीत लागल्या, पण प्रत्येकीचा वेग वेगळा. मग त्या एकदम संपल्याच कशा? वेग कुणीतरी नंतर सारखे केले. सकाळी चौदाव्या खाटेची धार हळूच होती, हे खुद्द तक्रारदाराने सांगितलंय. आणि चाकं फिरली तेव्हा स्वरूपा बाळंतिणीपाशी होती. तिच्या हातात ज्याचं डोकं होतं ते बाळ आज खालच्या मजल्यावर रडतंय. ऐकायचं असेल तर दार उघडा.

"तर्क छान आहे," रणवरे म्हणाले. "पण मॅडम, तुमचा हा सारखं करणारा माणूस आहे कुठं? माणूस नसेल, तर सिस्टर आहेच. दादासाहेब, ठराव घ्यायचा का?"

दादासाहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दाराकडे.

आणि दार खरंच उघडलं.

पुढं चिंतामण तात्या. मागं राजवर्धन, दाराची चौकट भरून. त्याच्या मागं साखरबाई, निमगावच्या पोराची आई, सोळाव्या खाटेचा भाऊ, जिन्यापर्यंत सगळा वॉर्डच.

"मानूस मी हाय," तात्या म्हणाले. "चाकं मी फिरवली. ठिबकावानी सारखी केली. जोतीरामाच्या पाया पडून आलोय आत्ताच. सिस्टरकडं कुनी बोट करायचं न्हाय."

रणवरे ताडकन उठले. "मग झालं! कबुलीच मिळाली. तक्रार यांच्यावर करा. दवाखान्याचा काय दोष? राजवर्धनराव, तुम्ही फक्त सही..."

"कशाची सही?" राजवर्धनचा आवाज असा आला की पंखाही थांबल्यासारखा वाटला. "चाक तात्यानं फिरवलं. पर तात्या, ह्ये बघा की वो, असं हातवारे करून म्हनलं कुनी? मी! माझ्या काकाला मीच मारत हुतो, सायेब. लिवा माझं बी नाव."

"माझं बी लिवा," निमगावची बाई पुढं आली. "पोराची सुई निसटली हुती परवा. मीच दाबून चिकटपट्टी लावली. सिस्टर कुठनं येनार?"

"मी शेजारच्या म्हाताऱ्याला त्येच्या गोळ्या दिल्या," सोळाव्या खाटेचा भाऊ म्हणाला. "कुठली कवा, ते रंग बघून."

"आन मी तर मावशी," साखरबाई पदर खोचत म्हणाल्या. "मला पोछा मारायचा पगार. पर इंजेक्शनाच्या जागी कापूस धरायला बी मीच, आक्सिजनचं नळकांडं ढकलायला बी मीच. करा माझ्यावर बी केस!"

संचालक एकमेकांकडे बघू लागले.

"रणवरे," दादासाहेब हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर येत न्हाईत म्हणता न्हवं तुमी?"

"येत नाहीत, साहेब."

"दोघी आल्या होत्या," स्वरूपा पहिल्यांदाच बोलली आणि उभी राहिली. "माझ्याच वर्गातल्या. त्यांना सांगितलं, सुट्टी नाही, डबल ड्युटी करावी लागेल, राहायचं तुमचं तुम्ही बघा. त्या संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या."

रणवऱ्यांनी खिशाकडे हात नेला, पण या वेळी पेनही सापडलं नाही.

"दादासाहेब," दगडाबाई म्हणाल्या, "तुम्ही मला विचारलंत, चूक कुणाची. वॉर्डात सिस्टरच्या चार जागा आहेत आणि तीन रिकाम्या. रिकाम्या जागेत माणसं शिरतातच. तात्या शिरले ते जीव लावायला शिरले. पण सिस्टरचं काम नुसत्या मायेने होत नाही, ते शिकावं लागतं. तात्यांवर तक्रार केलीत तर उद्या दुसरे तात्या चाक फिरवतील. ती जागा भरा."

"माणसं कुठनं आणू?"

"मी देते. बारामतीत माझ्या हाताखालच्या मुली आहेत. पण माझ्या अटी आहेत. आठ तास काम, आठवड्याची सुट्टी, राहायला खोली. आणि त्या येईपर्यंत निम्म्या खाटा बंद."

"निम्म्या!" रणवरे किंचाळले. "सभासद काय म्हणतील?"

"सभासद हितंच हायेत की," राजवर्धन म्हणाला. "इचारा."

दारातून जिन्यापर्यंत हात वर झाले. तात्यांचा हात मात्र खालीच होता. त्यांना तो वर करायचा धीर होत नव्हता. स्वरूपा चालत त्यांच्यापाशी गेली आणि तिने तो मनगटाला धरून वर केला.

त्याच वेळी राजवर्धनचा फोन वाजला. पडद्यावर जोतीराम दिसले, नाकाला नळी, पण डोळे लख्ख.

"काय ठरलं रं?"

"सिस्टर सुटली, काका. नव्या सिस्टर येनार हायेत."

"मग मला हलवा तिकडं. हितं समदी चांगली हायेत, पर बोलाया कुनी न्हाय. आन त्या तात्याला बसवा माझ्या खाटंशेजारी. हात बांधून."

सगळं सभागृह हसलं. सगळ्यांत आधी दादासाहेब, सगळ्यांत शेवटी तात्या.

७

नवीन सिस्टर रुजू झाल्यावर दगडाबाई एकदा वॉर्डात आल्या, त्या भर सकाळी, फेरीच्या वेळेला. आता वॉर्डाच्या दोन्ही टोकांना पांढरे कपडे दिसत होते. बंद केलेल्या खाटा पुन्हा एकेक उघडत होत्या. खालून निरोप आला होता की व्यवस्थापकाच्या जागेची जाहिरात निघाली आहे, आणि तिला भरपूर अर्ज आले आहेत.

स्वरूपा औषधांच्या खोलीत बसून जेवत होती. सावकाश, भाकरीचा तुकडा मोडत. बाईंना बघून ती उठायला लागली.

"बस. तुझं जेवण बघायलाच आले मी."

बाराव्या खाटेवर अनसूयाकाकी उशीला टेकून बसल्या होत्या, उद्या घरी जाणार म्हणून खुशीत. शेजारी तात्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पलीकडच्या खाटेवर जोतीराम त्यांना चिडवत होते.

बाई वॉर्डाच्या मध्यावर थांबल्या आणि त्यांनी डोळे मिटून कान दिला. एक थेंब घाईत पडत होता. एक चालत. एक इतका सावकाश की पुढचा येतो की नाही असं वाटावं, आणि मग तो यायचाच. कुणाचा कुणाशी ताल नव्हता.

"सिस्टर," तात्यांना राहवेना. "ह्या म्हाताऱ्याचं लई हळू पडतंय बघा."

नवी सिस्टर आली, तिने चाकाकडे पाहिलं, जोतीरामांची नाडी धरली, आणि हसली.

"तसंच पायजे, तात्या."

"तसंच पायजे," तात्या स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी हात मांडीखाली आणखी घट्ट दाबले.